पाच जणी आणि एक जागा

अख्खी गल्ली त्यांना बाटलीकाकू म्हणायची, आणि काकूंनाही त्यात कमीपणा वाटत नसे. तेवीस वर्षं त्या तेलाच्या कारखान्याच्या काचेच्या बाटल्या धुऊन देत होत्या. घरोघरच्या रिकाम्या बाटल्या गोळा करायच्या, कारखान्यामागच्या शेडमध्ये हौदातल्या कढत पाण्यात घोळवायच्या, ब्रश फिरवायचा, उन्हात पालथ्या घालायच्या, की पुन्हा तेल भरायला तयार. हाताखाली चौघी जणी. हाताखाली म्हणायचं आपलं नुसतं. कोणाचं दुखलंखुपलं, कोणाच्या लेकीचं बाळंतपण, सगळं त्या हौदाच्या काठावरच निस्तरलं जायचं. चौघींत एक काकूंची सख्खी जाऊ, आणि एक मुकीबहिरी. ती नुसतं बोट फिरवून बाटलीचा केसाएवढा तडा ओळखायची.

कारखानदार वारले आणि कारभार मुलाकडे आला. त्याने काकूंना बोलावून बसायला खुर्ची दिली, तेव्हाच काहीतरी बिनसल्याचं त्यांनी ओळखलं.

"काकू, पुढच्या महिन्यापासून प्लास्टिक," तो म्हणाला. "काच वाटेत फुटते. लोकही बाटल्या परत आणून देत नाहीत."

"देत नाहीत म्हणून तर आम्ही दारोदार जातो ना."

"झाकणं लावायला एक बाई लागेल. एकच. नाव तुम्हीच सुचवा."

मधवाला, सरबतवाला, औषधी तेलं करणारा, काकूंनी सगळ्यांचे उंबरे झिजवले. जो तो तोंड भरून कौतुक करी. धुवायला बाटली मात्र एकानेही दिली नाही. महिना सरला. बाकीच्या कुठे चार घरची धुणीभांडी तरी धरतील, हिला कोण उभं करणार, असा विचार करून काकूंनी मुकीचं नाव सांगितलं.

"घरचं माणूस दिसलं नाही तुम्हाला?" जाऊ म्हणाली.

"अगं, तुला तोंड आहे. तू कुठेही काम मागशील."

"मागतेच आहे की. तुमच्याकडे."

ती तिथून जी उठली, ती पुन्हा काकूंशी बोलली नाही. दोघींच्या स्वयंपाकघरात एकच भिंत. पलीकडे भांडं पडलं तरी इकडे कळायचं. उरलेल्या दोघीही काकू दिसल्या की रस्ता ओलांडू लागल्या.

दीड महिन्याने मुकीला काढलं. बाटल्या पुढे नेणारा पट्टा अडकला की घंटा वाजे, बाकीचे कामगार हात मागे घेत. तिचे हात चालूच राहत. कारखानदारांचा मुलगा वाईट वागला नाही, दारापर्यंत सोडायला आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू राहिलेले ब्रश आणायला शेडवर गेल्या, तर ही बाह्या सरसावून कोरड्या हौदापाशी उभी. काकूंनी हातवारे करून सांगितलं, काम संपलं. तिने समजल्यासारखी मान हलवली. पुढच्या सकाळी पुन्हा हजर. त्याच्या पुढच्याही.

चौथ्या दिवशी काकूंनी शेडची किल्ली कारखान्यात देऊन टाकली आणि तिच्या नजरेला पडू नये म्हणून मागच्या गल्लीने घरी गेल्या.