सत्तेचाळिसाव्या वर्षी नेपथ्याचा वर्ग

वीस वर्षं सिनेमाचे सेट उभारले, पण सांगण्यासारखं फारसं काही हाताला लागलं नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी नाटकाच्या नेपथ्यात एम.ए. करायला बसलो आणि दोन वर्षांत इतके किस्से साचले, की आमच्या किन्हवलीच्या चहाच्या टपरीवर टेकलो की कुणीतरी विचारतंच, "दादा, आज कुठला?" बसलाच आहात तर ऐका.

*

पहिल्या दिवशी वर्गात शिरलो, तर बावीस-तेवीसची पोरं ताडकन उभी राहिली. "गुड मॉर्निंग, सर!"

मी गुपचूप मागच्या बाकावर जाऊन बसलो. मग मॅडम आल्या. माझ्याहून आठ वर्षांनी लहान! माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काका, कुणाला सोडायला आलात?"

म्हटलं, "मलाच!"

*

पहिलं मॉडेल केलं ते स्वयंपाकघराचं. सिनेमात कॅमेरा कधी नाकाशी येईल सांगता येत नाही, म्हणून मी डब्यांवर तेलकट बोटांचे ठसेसुद्धा रंगवले होते. मॅडम थेट सभागृहाच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या.

"काका, मला इथून फक्त एक खोका दिसतोय."

तेव्हापासून रोज एकच. "हे काढा. तेही काढा." वीस वर्षं जे शिकलो तेच बाई काढायला लावत होत्या. राग यायचा हो, खोटं कशाला बोलू!

*

मग एवढा हट्ट कशासाठी? तर बाबांसाठी.

मी काम केलेला एक सिनेमा दाखवायला त्यांना कल्याणला नेलं होतं. बाहेर आल्यावर म्हणाले, "यात तुझं काय व्हतं?"

"घर, बाबा. अख्खं घर मी उभारलं."

"घर कुठं दिसलं रे? पडदाभर हिरोचं तोंडच दिसलं! चल, खरं घर तरी दाखव."

"ते पाडलं. शूटिंग संपलं की पाडतात."

परतीच्या एस.टी.त बाबा खिडकीबाहेरची घरंच बघत बसले. आई तर माझं काही न बघताच गेली. आता बाबा ब्याऐंशीचे. माझ्या हातचं एक तरी काम त्यांनी समोर उभं राहून बघावं, एवढंच मला हवं होतं.

*

म्हणून परीक्षेचं नाटक मी आमच्या गावच्या मंडळाला घेऊन करायचं ठरवलं. दिग्दर्शक पांडूकाका, एस.टी.तले रिटायर कंडक्टर. त्यांची तालीम अजून डबल बेल देऊन सुटते!

पहिल्याच तालमीत मी सवयीनं ओरडलो, "कट!"

पांडूकाका भडकले. "मधी गाडी थांबवायची नाय! स्टॉप आला का उतर!"

*

मंडळाचं सामान घराघरांतून येतं, ही जुनी पद्धत. मी निरोप धाडला, की जुनं, वापरातलं, काळं पडलेलं द्या. दुसऱ्या दिवशी बघतो तर हंडे चिंचेनं घासून लखलखीत, पाट ऑइलपेंटनं लालभडक!

"मावशी, मला काळाच हंडा हवा होता गो!"

"आख्खा गाव बघनार आन् आमचा हंडा काळा? लाज हाय का नाय?"

कपाळावर हात मारला. तो झगमगाट मांडणार कुठं? शेवटी मानानं सगळं घरोघर परत दिलं. चूल तेवढी ठेवली आणि दाराचे दोन खांब. मॅडमना फोन करून सांगितलं, "घ्या, सगळं काढलं!"

*

भात झोडून झाल्यावर खळ्यावरच प्रयोग लावला, उन्हं कलायच्या आत. मॅडम मुंबईहून मार्क द्यायला आल्या होत्या. बाबा पहिल्या खुर्चीत.

खांबांचं माप मी आठवणीतून घेतलं होतं, आमच्या जुन्या कुडाच्या घराचं. ते पाडून स्लॅबचं बांधलं त्याला बरीच वर्षं झाली. त्या घराचं दार ठेंगणं आणि बाबा ताडमाड. ते शेतावरून आले की आई चुलीपासून ओरडायची, "वाका वो जरा!" तो आवाज मला अजून हवा असतो.

प्रयोग संपला. बाबा उठून थेट सेटकडे आले, मागोमाग वही घेऊन मॅडम. दोन खांब आणि वर उघडं आभाळ. मी म्हटलं, "बाबा, हे माझं काम."

बाबा खांबांपाशी थांबले. कमरेत वाकले. आत गेले, आणि मागं वळून म्हणाले, "मॅडम, डोकं सांबाळा."

आणि मॅडम वाकल्या!