दादाने घेऊन दिलेल्या करवती

पाणीपुरवठ्याच्या पंपावर तो नोकरीला होता. तिथे दिवसभर झडप उघड, झडप बंद कर, एवढंच काम. घरी आला की मात्र शर्ट खुंटीला आणि करवत हातात. सुतारकाम त्याला कुणी शिकवलं नव्हतं. एकदा डुगडुगणारं स्टूल त्याने नीट केलं आणि थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, तोंड भरून कौतुक केलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तेव्हापासून घरातली प्रत्येक फळी, प्रत्येक कपाट, वडिलांच्या पलंगाचा कठडा, सगळं त्याच्याच हातचं. दादाच्या दोन्ही मुली त्याला करवतकाका म्हणत.

घर तसं वडिलांचं, पण चालायचं दादाचं. काय शिजणार, पंखा किती वेळ फिरणार, पाहुणे कुठे झोपणार, हे दादा ठरवायचा, आणि ठरवायचा इतक्या प्रेमाने की भांडायला जागा सापडू नये. वहिनी गेल्यापासून तर त्याच्याशी वाद घालणं म्हणजे पापच. धाकटा आणि त्याची बायको मधल्या खोलीत राहत. मागच्या खोलीत जायची वाट त्यांच्याच खोलीतून होती, त्यामुळे दाराला कडी लावायची सोय नव्हती. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी नवऱ्याशी बोलताना ती आधी दाराकडे बघायची.

"आपण वेगळं राहू या," असं ती म्हणाली की तो मान हलवायचा आणि धीर करून दादापाशी विषय काढायचा. दादा चिडायचा नाही. "बघू की," म्हणायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्याला हत्यारांच्या दुकानात घेऊन जायचा. एरवी साबणाची वडी अर्धी कापून वापरायला लावणारा हा माणूस तिथे म्हणायचा, "घे तुला हवी ती." पहिल्यांदा लाकूड उभं चिरायची मोठ्या दात्यांची करवत आली, तिच्यामागोमाग कोठीतल्या फळ्यांचं काम आलं. मग आडवं कापायची आली, तिच्यामागून मुलींची टेबलं. वळणदार कापायची अरुंद पात्याची आली, तेव्हा वडिलांचा कठडा. काम अर्धवट टाकून घर कोण सोडतं? आणि ते संपेपर्यंत बायको गप्प झालेली असायची.

दादा हे ठरवून करत होता का? मला विचाराल तर, त्यालाही ते ठाऊक नसावं. दोन पोरी, अंथरुणाला खिळलेला बाप आणि रिकामी मधली खोली, या नुसत्या विचाराने त्याला धडकी भरायची, इतकंच.

या खेपेला बायकोने बोलण्यात वेळ घालवला नाही. पंपाच्या रस्त्यावर दोन खोल्या पाहिल्या आणि मालकिणीकडून किल्ली घेऊनच आली. "संध्याकाळपर्यंत हो की नाही सांगायचंय," ती म्हणाली. "दाराला आतून कडी आहे हो." तो जाऊन खोल्या बघून आला. खिडकीखाली तिच्या शिलाई मशिनचं टेबल नेमकं बसेल, हे त्याने वितीने मोजूनसुद्धा पाहिलं. आजवर तिच्यासाठी त्याने जे काही केलं, ते इतरांच्या कामातून उरलेल्या तुकड्यांचं. "आजच बोलतो दादाशी," तो म्हणाला, आणि खरंच बोलला.

दादाने सगळं ऐकून घेतलं. "खोल्या चांगल्या आहेत ना? मग झालं तर," तो म्हणाला. धाकट्याच्या जिवात जीव आला. "चल, जरा दुकानात डोकावून येऊ."

इथेच त्याने नाही म्हणायला हवं होतं. पण करवतीच्या दुकानाला नाही म्हणायची जीभच देवाने त्याला दिली नव्हती.

दुकानदाराने पाठीला पितळी पट्टी असलेली, बारीक दात्यांची करवत काढली. सांध्यांच्या कामाला तिच्यासारखी दुसरी नाही, आणि कित्येक वर्षं धाकटा ती काचेतून बघत आला होता. त्याने ती उजेडाकडे धरली, एक डोळा मिटून दात्यांच्या ओळीवरून नजर फिरवली. एक दाता इकडचा तिकडे नव्हता. मूठ तर जणू त्याच्याच हाताचं माप घेऊन केलेली.

"काम काय काढलंय?" दुकानदाराने विचारलं.

तो तोंड उघडणार, तोच दादा म्हणाला, "मधल्या खोलीत पार्टिशन घालायचंय. जायची वाट वेगळी, यांची खोली वेगळी. दार, कडी, सगळं. इतकी वर्षं यांची गैरसोय केली. माझंच चुकलं." आणि दादाचे डोळे खरोखर भरून आले.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी धाकट्याची गत झाली. नाही म्हणायचं, तर भर दुकानात डोळे पुसणाऱ्या भावाला म्हणायचं, आणि हातातली करवतही खाली ठेवायची. दोन्हींतलं जास्त अवघड काय, हे त्याला स्वतःलाच सांगता येईना, आणि त्याची त्याला भयंकर लाज वाटली. "रुंदी किती? फळ्या लगेच पाठवतो," दुकानदार म्हणाला. धाकट्याच्या तोंडून माप निघून गेलं, अगदी इंचासकट.

घरी बायको दारातच उभी होती. कागदात गुंडाळलेली करवत तिने पाहिली.

"अगं, ऐक तर. या वेळी आपल्यासाठीच आहे. आपल्याला वेगळी खोली करायचीय."

"या घरात?"

तिने पायांत चपला सरकवल्या. "किल्ली परत देऊन येते," ती म्हणाली.

"मी येऊ बरोबर?"

"कशाला? तुमचं काम आलं बघा."

फळ्यांची हातगाडी दाराशी येऊन थांबली होती. गाडीला वाट द्यायला बायको अंग चोरून बाजूला झाली आणि मग चालू लागली. तिला हाक मारावी, असं त्याला फार फार वाटलं. गाडीवाला फळ्यांचं एक टोक उचलून, दुसरं कोण धरतंय म्हणून त्याच्याकडे बघत होता, आणि त्याने ते धरलं.