आई बसली की मऊ होणारी गाडी

हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय, कारण मी गाडीला लिंबू-मिरचीसुद्धा न बांधणारा माणूस आहे. राहतो लालबागला, वय बावन्न, नोकरी इलेक्ट्रिकल मेंटेनन्सची. वायर काढली की करंट बंद – एवढंच मी मानतो. मानत होतो म्हणा...

माझ्याकडे एक जुनी, सेकंडहँड परदेशी गाडी आहे. हौसेने नाही, आईसाठी घेतली. आईच्या पाठीचा मणका दबलाय. टॅक्सीने गेली की पुढचे चार दिवस अंथरुणात. आणि गिरगावात तिची धाकटी बहीण, आमची माई मावशी, ती तर कायमचीच अंथरुणाला खिळलेली. भावंडांत या दोघीच उरल्यात. रविवारी भेट झाली नाही, तर दोघींचाही आठवडा कडू जातो.

या गाडीचे शॉकअब्सॉर्बर इलेक्ट्रॉनिक होते. ‘कम्फर्ट’चं बटण दाबलं की समोर हिरवा दिवा लागायचा आणि गाडी एकदम मऊ. गेल्या वर्षी चारही शॉक एकदमच गेले. मूळचे बाहेरून मागवायचे तर किंमत ऐकूनच मी खुर्ची शोधली. शेवटी कॉटन ग्रीनच्या अन्वरभाईंनी साधे, स्वस्तातले बसवून दिले. जुन्या वायरी काढून टेप लावला, फ्यूजही काढला.

“साहेब, आता हे बटण नुसतं शोभेचं,” ते म्हणाले. “गाडी कडक लागणार. नंतर मला बोलायचं नाही.”

लागलीच. लालबागपर्यंत येता येता दुपारचा चहा घशाशी आला. या गाडीत आईला बसवायचं? आणि खरं सांगावं, तर ती गाडीत पाय ठेवणार नाही, मावशीकडे जाणंच सोडून देईल. मी सरळ खोटं बोललो. “मूळचेच घातले गो आये.”

तिने लगेच शेजारच्या तात्यांना हाक मारली. आम्ही मालवणकडचे. नवीन काही झालं की गाऱ्हाणं, म्हणजे देवाला साकडं, घालायचंच. तात्यांनी बॉनेटवर नारळ ठेवला, बिल्डिंगमधली पाच-सहा माणसं जमली आणि तात्या सुरू झाले...

“बा देवा म्हाराजा! ह्या लेकरान गाडयेक मूळचेच शॉक घातल्यान हत. गाडी जशी होती तशीच ऱ्हवांदे रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“म्हातारेच्या पाठीक धक्को लागांदेव नको रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

आई हात जोडून उभी. देवाला घातलेलं गाऱ्हाणंच माझ्या थापेवर! मान खाली घालून मीही ‘होय म्हाराजा’ म्हटलं. लाज वाटली, खरंच वाटली.

रविवारी सकाळी जीव मुठीत धरून निघालो. चिंचपोकळीच्या पुलाआधी तो खड्डा आला, जो मला चांगला पाठ आहे. मी दात आवळले... आणि काहीच झालं नाही. गाडी अलगद पुढे गेली. समोर पाहिलं तर ‘कम्फर्ट’चा हिरवा दिवा लागलेला!

“बरो काम केल्यान हां मेकॅनिकान,” मागून आई म्हणाली. तिच्या मांडीवर मावशीसाठी नेलेली सोलकढी होती. थेंब सांडला नाही.

तिला मावशीकडे सोडून मी एकटाच चक्कर मारली. दिवा बंद, गाडी दगडासारखी. परत आई बसली – दिवा चालू, गाडी मऊ. मला वाटलं, वजनाचा प्रकार असेल. दुसऱ्या दिवशी मागच्या सीटवर तांदळाची दोन पोती टाकून बघितली. मग बायकोला बसवलं. तिने कंबर धरून माझा उद्धार केला, बाकी काही नाही.

अन्वरभाईंकडे गेलो. त्यांनी गाडी वर घेतली. वायरी तशाच काढलेल्या, टेप तसाच, फ्यूजची जागा रिकामी. मी स्वतः मीटर लावला. शून्य. मग घरून आईला घेतलं आणि त्यांनाही एक चक्कर मारून आणली. आई घरी उतरल्यावर ते पुन्हा गाडीखाली वाकले.

“माझंच काहीतरी काढायचं राहिलं असेल... पूर्ण खोलून बघू?”

“हात लावू नका,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

वर्ष होत आलं. आई एकही रविवार चुकलेली नाही. दोघी बहिणी तासन्‌तास बोलत बसतात, मावशीच्या गालावर मांस चढलंय, आणि मी बाहेर गाडीत सुखाने पेपर वाचतो. स्पष्टीकरण विचाराल तर माझ्याकडे आजही नाही. आईला खरं सांगावं असं दर रविवारी वाटतं. पण सांगितलं आणि दिवा विझला तर?

म्हणून इथे नाव लिहीत नाही. तरी वाचणाऱ्यांत आमच्या बिल्डिंगमधलं कुणी असेल, तर हात जोडून विनंती... आईला विचारलंच, तर मूळचेच आहेत म्हणून सांगा.