सुईणीने बांधलेला धागा

माझ्या धाकट्या बहिणीच्या आजाराचं पहिलं निदान मी केलं: हावरटपणा. वडील कामगारांसाठी पत्रकं लिहायचे, मी वाचायला त्यांवरच शिकले. म्हणून वेफर्स-बिस्किटांविरुद्ध मीही एक जळजळीत पत्रक लिहिलं आणि काशीगावच्या आमच्या घरात फ्रिजवर चिकटवलं. ती तेव्हा सातवीत होती. डब्यातले कच्चे पोहे गुपचूप खायची. भूक लागली, असं म्हणणं तिने सोडूनच दिलं होतं. तिन्हीसांजेला जिन्यात ठेचकाळली की मी वर सुनवायचे, "बघ, वजन!"

डॉक्टरही तेच सांगायचे. भात कमी, दोरीच्या उड्या जास्त. शेवटी चष्मा लावूनही फळा दिसेना, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी आम्हाला मुंबईला, मुलांच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी वजनकाट्याकडे पाहिलंच नाही. आईला विचारलं, "जन्मली तेव्हा हाताला जास्तीचं बोट होतं का?"

"नाही."

मॅडमनी बहिणीचा हात उजेडात धरला. करंगळीच्या कडेला तिळाएवढा उंचवटा होता. "मग हे काय, ताई?"

आई ओढणीचं टोक पिळत राहिली. "होतं, मॅडम. लोंबतं. रत्नागिरीला माहेरी सुईणीने धाग्याने बांधलं, आठवड्यात गळून पडलं. माझी आई म्हणाली, कुठे बोलू नकोस, पोरीच्या लग्नात आडवं येईल."

बोट, भूक आणि कमी उजेडात न दिसणं, सगळं एकाच दुर्मीळ जन्मजात आजारातलं होतं. पुढे रक्ताच्या तपासणीत ते पक्कं झालं.

रिपोर्ट मिळाला त्या दिवशी आईने विचारलं, "आधी सांगितलं असतं तर डोळे वाचले असते?"

"तसं औषध नाही," मॅडम म्हणाल्या. "पण इतकी वर्षं तिला बोलणी बसली नसती."



परतताना काशीमीऱ्याला ट्रकांच्या रांगेत रिक्षा अडकली. बहीण म्हणाली, "म्हणजे माझी भूक खरी होती?"

"खरी होती गं. चुकलं माझं."

"आणि तू रोज माझं डोकं खायचीस, ते चालायचं?"

आईला हसू आलं, मला रडू.  मग बहीण सरळ, मोठ्याने म्हणाली, "आई, भूक लागलीय."

आईने तिला जवळ ओढलं. "हो, बाळा. घरी गेल्या गेल्या मॅडमनी सांगितलंय तशी काकडी कापते. मग सगळे एकत्र जेवू."