फिलूबायचा बांगड्यांचा उपास

फिलूबाय गेली तो शुक्रवार होता. मी नेहमीसारखी पाटी तिच्या पायरीवर उतरवली, चांगले दोन बांगडे बाजूला काढले आणि हाक मारली. तिचा थोरला बाहेर आला. म्हणाला, "मावशी, आज मासे नकोत... आई पहाटे गेली." बांगडे माझ्या हातातच राहिले.

ती दवाखान्यात आया, मी मासे विकणारी. पहिल्यांदा भेटली तेव्हा म्हणाली, आज आमचा उपास, दोन बांगडे दे. मला वाटलं, बाई थट्टा करते. उपासाला कोण मासे खातं? तर म्हणे, येशूला शुक्रवारी क्रुसावर खिळलं, म्हणून त्या दिवशी आम्ही मटण-कोंबडी सोडतो, मासे चालतात. मी म्हटलं, तुझा देव शहाणा, त्याला माझ्या पोटाची काळजी. तेव्हापासून तिच्या देवाबद्दल माझी काही तक्रार नाही. एकच पटलं नाही, आपली पापं आपणच जाऊन फादरांच्या कानात सांगायची. आमच्या वाडीत ती न सांगता सगळ्यांना कळतात.

माझे मालक होडीवरनं परत आले नाहीत तेव्हा पोरं लहान. रडायला सवड नव्हती, पाटी उचलली. फिलूबाय संध्याकाळी पेज घेऊन यायची. तिने त्यांच्या नावाने चर्चमध्ये मेणबत्ती लावली. मी म्हटलं, ते तुमच्यातले नव्हते गो. तर म्हणाली, "समुद्रात काळोख सगळ्यांनाच सारखा."

म्हणून पुढे तिने एकदा नाताळला चर्चमध्ये बोलावलं तेव्हा गेले. सगळी रांगेत उभी राहिली, मीही राहिले. प्रसादाला नको म्हणायचं नसतं, एवढं मला कळतं. तीर्थाला धरतो तसा हात पुढे केला. नव्या फादरांनी तोंड उघडायला खुणावलं आणि जिभेवर पांढरी चकती ठेवली. ना गोड, ना खारट. मी म्हटलं, "घरी दोन पोरं आहेत, आणखी दोन द्या." मागची रांग थांबली. फिलूबायने माझा पदर धरून मला बाहेर काढलं. म्हणाली, अगो, तो प्रसाद नव्हे, आमच्या लेखी ते ख्रिस्ताचं शरीर. बाप्तिस्मा झालेल्यानेच घ्यायचं. मग तीच फादरांकडे गेली आणि माझ्या वतीने माफी मागून आली.

वाडीत मात्र माफी नव्हती. मी बाटले, अशी बातमी झाली आणि ती जयगडला पोचली. तिथे माझ्या शालनचं लग्न ठरलेलं. निरोप आला, तूर्त थांबूया. बिनबापाची पोर... एकदा सोयरीक मोडली की पुन्हा कोण दारात येणार?

फिलूबायने रजा टाकली आणि मला एसटीत घालून जयगडला नेलं. विहीणबाईंच्या ओटीवर बसून म्हणाली, "बाय, आमच्यात यायचं तर आधी शिकावं लागतं, मग डोक्यावर पाणी घेऊन बाप्तिस्मा. हिला मी आमची प्रार्थना इतकी वर्षं ऐकवते, हिला दुसरी ओळ येत नाही. हिला कोण घेतंय?"

"पण खाल्लं ना तिने?" विहीणबाई म्हणाल्या.

"मी दर शिमग्याला हिच्या वाडीच्या पालखीचा नारळ खाते. मग मी कोण झाले?"

विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते. मग चहा आला, आणि चहाच्या मागून लग्नाचा दिवस. हे सगळं शालनच उतरवून घेते आहे, मला सहीपुरतं येतं.

फिलूबायला माती दिली तेव्हा मीही मूठभर टाकली. तुम्ही जाळत का नाही, असं मी तिला एकदा विचारलं होतं. म्हणाली, शेवटच्या दिवशी देव सगळ्यांना उठवणार आहे. मी म्हटलं, मग उठल्याउठल्या काय करशील? तिने जरा विचार केला...

"आज वार कुठला, ते विचारीन."

अजून शुक्रवारी पाटीच्या तळाशी मी दोन बांगडे ठेवते. गिऱ्हाईक बोट दाखवतं, मी सांगते, ते दिलेले आहेत. संध्याकाळी घरी येऊन त्यांचं तिखलं करते आणि तिच्या वतीने उपास धरते.