आतून लावलं
आज सुनेने सोलकढीसाठी आमसुलं भिजत घातली आणि त्या वासाने मला थेट नायगावच्या चाळीतल्या एका दुपारी नेऊन बसवलं. तेव्हा माझ्या छातीत सारखं जळजळायचं, म्हणून लेकाने मोबाइलवर कुठेतरी वाचून माझं आंबट साफ बंद केलं होतं. सोलकढी नाही, लिंबू नाही, माशाच्या कालवणातसुद्धा आमसूल नाही. दोन महिने मी ते मिळमिळीत गिळलं, जळजळ मात्र होती तिथेच. त्या दुपारी माझ्या अंगभर पित्ताच्या गांधी उठल्या. लेक घाबरला. शेजारची काकू धावत आली नि म्हणाली, "आमसुलाचं पाणी चोळ रे आयशीच्या अंगाक!" त्यानेच माळ्यावर लपवलेला डबा त्याला स्वतःच्या हाताने खाली काढावा लागला. कोमट पाण्यात आमसुलं भिजवून तो फडकं शोधायला गेला. वाटीतलं पाणी लालबुंद होत चाललं होतं. मी त्यात चिमूटभर मीठ टाकलं आणि एका दमात वाटी रिकामी केली. तो परत आला नि ओरडला, "आई, ते अंगाला लावायचं होतं!" मी म्हटलं, "आतून लावलं." काकू हसून हसून दाराला टेकली. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी गांधींवर गोळी दिली आणि विचारलं, "आंबट खाऊन त्रास वाढतो?" मी म्हटलं, "कधीच नाही." "आणि उपाशीपोटी चहा किती?" लेकच म्हणाला, "तीन कप." "मग चहा सोडा की, आमसुलाने काय घोडं मारलंय?" चहा मी सोडला, जळजळीने मला सोडलं. आत्ता सून पेला भरून विचारतेय, "आई, आतून लावणार ना?"