मामा आणि समुद्रातली रेघ

समुद्राची इतकी चौकशी करणारा दुसरा माणूस भूतलावर झाला नसेल, आणि गंमत म्हणजे वयाची पंचेचाळिशी उलटेपर्यंत या माणसाने समुद्र पाहिलेला नव्हता. सुरतेत लिंबायतला मी राहत होतो त्या चाळीतले हे मामा. ते माझे मामा नव्हेत, बहुधा कुणाचेच नसावेत. पण सगळी चाळ त्यांना मामाच म्हणायची. मी बुलढाण्याकडचा, तिथल्या मराठी शाळेत भूगोल शिकवायला आलेला. मामा पारोळ्याकडचे, लूमच्या कारखान्यात जॉबर. बिघडलेल्या मागाचं दुखणं ते नुसत्या आवाजावरून ओळखत. उभी हयात त्या खटखटाटात गेल्यामुळे त्यांचं साधं बोलणंही असं असे, की तिसऱ्या खोलीतला माणूस आपल्यालाच हाक मारली म्हणून बाहेर यायचा.

पहिल्यांदा त्यांच्या खोलीत गेलो तेव्हा मी उंबरठ्यातच दचकलो. "मास्तर, तठे पाय नका ठेवू!" मामा ओरडले. पाहतो तर दहा बाय बाराच्या त्या खोलीचा अर्धा भाग रिकामा. तिथे एक वळकटी आणि पत्र्याची पेटी, बस्स. उरलेल्या अर्ध्यात मामा, मामी, दोन मुली, स्टोव्ह, देव आणि धान्याचे डबे एकमेकांच्या अंगावर पडलेले. "तठे भाऊनं शे. मधमा रेघ शे," मामा म्हणाले. मी वाकून पाहिलं. सिमेंटची स्वच्छ जमीन होती, रेघबीघ काही नव्हती.

कळण्याची भाकरी थापता थापता मामींनी उलगडा केला. धाकटा दीर इथेच राहायचा, लग्न न झालेला. एकदा ट्रान्झिस्टर कुठे ठेवायचा यावरून दोघा भावांचं कडाक्याचं वाजलं. मामांनी तिरमिरीत गेरू घेतला, खोलीच्या मधोमध रेघ ओढली आणि म्हणाले, हे तुझं, हे माझं. धाकटाही त्याच मातीचा. आठवड्याच्या आत पाने-पक्कड पिशवीत घालून तो ओखा बंदरावर गेला आणि मासेमारीच्या बोटीवर इंजिन सांभाळायला लागला. तिसऱ्या महिन्यात बोटमालकाचा निरोप आला: शेजारच्या देशाने बोट पकडली, खलाशी तिकडच्या तुरुंगात, हद्द ओलांडली म्हणे. गेरूची रेघ तर त्याच दिवाळीत खोली धुताना निघून गेली होती. "पन यास्ना डोयामा ऱ्हाई गई ना," मामी म्हणाल्या.

तेव्हापासून मामांना एकच प्रश्न पडला होता. मी भूगोलाचा मास्तर आहे हे कळताच त्यांनी मला पुरतं धरलं. शाळेतला भिंतीवरचा जुना नकाशा मला घरी आणावा लागला. कापडावर ठेवून इंचात किती धागे पडले ते मोजायचं भिंग त्यांच्या खिशात कायम असे. ते त्यांनी कच्छच्या किनाऱ्यावर टेकवलं आणि तासभर समुद्राचा एकेक ठिपका तपासला. शेवटी मान वर करून म्हणाले, "मास्तर, तुम्हना नकाशामा रेघ कथी शे?"

मी शिकवायच्या सुरात सांगितलं, की कच्छच्या टोकाला एक खाडी आहे. आपण म्हणतो हद्द पाण्याच्या मधोमध, ते म्हणतात ती आपल्या बाजूच्या काठाने. शिवाय चिखलात ती खाडीच दर काही वर्षांनी सरकते. खाडीत रेघ कुठे हे ठरत नाही, म्हणून पुढे समुद्रातही ती कुठून काढायची हे ठरत नाही. मामांनी भिंग उचलून खिशात टाकलं. मग म्हणाले, "म्हंजे रेघ आजून ठरेलच नही? मंग मन्हा भाऊनी वलांडं काय?"



मग एका रविवारी मामा समुद्र प्रत्यक्ष पाहायला निघाले; मला सोबत घेतलं. डुमसला भजी खाणाऱ्या गर्दीतून ते तडक पाण्यापर्यंत गेले आणि डोळ्यांवर हात धरून उभे राहिले. ओहोटीचा चिखल पाहून त्यांचा चेहरा पडला. जाळं सोडवत बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळ्याला त्यांनी गाठलं आणि हद्दीची रेघ कुठे ते विचारलं. तो हसत म्हणाला, "काका, पाणीमां ते लीटी होय?" मामांनी एवढ्या जोरात "हाईच सांगस ना मी!" म्हटलं, की शेजारच्या भजीवाल्याची कढई हिंदकळली.

त्यानंतर सरकारकडे अर्ज सुरू झाले. लेखनिक अर्थातच मी. मामा दया मागत नसत, सुटकाही मागत नसत. फक्त रेघ नक्की कुठे आहे ते कळवावं, म्हणजे भाऊ चुकला की नाही ते समजेल, एवढंच लिहायला लावत. एकदा पोच आली, आपला अर्ज मिळाला म्हणून. ती मामांनी देवांशेजारी ठेवली. प्लेगच्या साली निम्मी सुरत गाड्यांना लोंबकळत गावी पळाली. मामांनी मामींना आणि मुलींना पारोळ्याला धाडलं आणि स्वतः नाकाला रुमाल बांधून ओस पडलेल्या चाळीत बसून राहिले. मी निघताना हात धरून ओढलं, तर म्हणाले, "टपाल वनं ते कोन लेई?" त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता आणि रडूही आलं होतं.

टपाल आलंच नाही. दोन वर्षांनी एका दुपारी भाऊच आला. दोन्ही देशांनी एकमेकांचे कोळी सोडले, त्यांत तो सुटला होता. केस पांढरे, खांद्याला पिशवी. चाळ गोळा झाली. मामींनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. मामा मात्र आपल्या अर्ध्या खोलीत उभेच. गळामिठी नाही की काही नाही. पहिला शब्द निघाला तो हाच: "रेघ दिसनी व्हती का रे?"

"नही दादा. पानीच पानी व्हतं. त्या लोकेस्नी धरं, तव्हय समजनं."

इतकं बोलून तो आत शिरला. त्या पुसलेल्या रेघेची त्याला आठवणही नसावी. तो सरळ मामांच्या बाजूच्या माठाकडे गेला आणि घटाघटा पाणी प्यायला. मामा त्याच्या पायांकडे पाहत राहिले. मग हळूच पाऊल उचलून ते पलीकडे गेले, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, आणि भावाची वळकटी सोडायला लागले. ते काहीतरी बोलले, पण इतक्या हळू, की शेजारी उभा असून मला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इतकी वर्षं स्वतःकडे ठेवलेला नकाशा परत केला. कच्छच्या टोकाशी बोट फिरवून फिरवून समुद्राचा निळा रंग निघून गेला होता आणि खालचं कापड दिसत होतं. पुढे मामा गावी गेले, मीही सुरत सोडली, तो नकाशा शाळेतच राहिला. तिथे असेपर्यंत मी त्यावरच शिकवत असे, आणि तो पांढरा डाग कसला म्हणून कुणी विचारलं, की मी सांगायचो, तिथे एक माणूस आपल्या भावाला शोधत होता.